रात्री अकरालाही छत का तापलेलं असतं? सोलापूरच्या उन्हाळ्यात घर आणि म्हातारं माणूस कसं सांभाळावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरच्या पूर्व भागात थेट गच्चीखाली ५०० चौरस फुटांचं आरसीसी घर. दिवसभर कूलर चालू, तरी रात्री अकराला घरात भट्टी. सोबत ७२ वर्षांची आई, तिला बीपीची आणि लघवी होण्याची गोळी चालू आहे. मोठा कूलर घ्यावा की एसी, आणि आईला कसं जपावं?

यातलं काहीही विकत घेण्याआधी आज रात्री एक करून बघा. दहा वाजता पंखा बंद करा, स्टुलावर उभे राहा आणि तळहात छताखाली वीतभर अंतरावर धरा, टेकवू नका. उतरवलेल्या तव्यावर हात धरल्यासारखी धग लागेल. मग तोच हात पूर्वेच्या भिंतीसमोर धरा, फरक लगेच कळेल. कारागीर वापरतात तो इन्फ्रारेड थर्मामीटर मिळाला तर आकडाही कळतो (कपाळाचा ताप बघायचा चालत नाही, तो अंगाच्या तापापुरताच असतो). मे महिन्यात उघड्या स्लॅबची खालची बाजू त्या वेळी सहज ३८ ते ४२ अंश दाखवते. बाहेरची हवा तोवर तिसाच्या घरात उतरलेली असते. म्हणजे रात्री तुम्हाला छळतंय ते छत, हवा नव्हे. कूलर हवा थंड करतो. छतातून खाली येणारी धग तो अडवू शकत नाही, कितीही मोठा घेतला तरी.

असं का होतं ते नीट समजून घेतलं तर पुढचे पैसे योग्य जागी लागतात. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास इथे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. त्या काळात दक्षिणेच्या भिंतीला दुपारी ऊन जवळजवळ लागत नाही, सगळा मारा गच्चीवर होतो. स्वच्छ आकाशात दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे १,००० वॅट ऊन पडतं. तुमची गच्ची ४६ चौरस मीटर. जुना करडा सिमेंटचा पृष्ठभाग त्यातलं ६५ ते ७५ टक्के शोषतो, म्हणजे भर दुपारी तीस किलोवॅटच्या आसपास. यातला बराच भाग वाऱ्याबरोबर आणि आकाशाकडे परत जातो, पण जो स्लॅबात मुरतो तो चार-पाच इंच काँक्रीट पार करून अडीच-तीन तासांनी खालच्या बाजूला पोचतो. काँक्रीट जड, एकदा तापलं की लवकर निवत नाही. दुपारी पिलेलं ऊन ते रात्री तुमच्या अंथरुणावर सोडतं. दीड टनाचा एसी साधारण पाच किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. गच्ची उघडी ठेवून एसी लावणं म्हणजे चूल पेटती ठेवून घर थंड करायला बसणं. बिल येतं, झोप येत नाही.

आपल्याकडची जुनी माळवदाची घरं याच हिशेबाने बांधलेली होती. तुळयांवर फळ्या किंवा किलच्या आणि वर फूटभर किंवा जास्त पांढरी माती. एवढ्या मातीतून ऊन खाली यायला आठ-दहा तास लागतात आणि येतं तेही बोथट होऊन. तोवर घरातली माणसं वर माळवदावर झोपायला गेलेली असायची. त्या मातीच्या जागी चार इंचाचा स्लॅब आला आणि वर झोपायची सवयही सुटली, दोन्ही एकदमच. पांढऱ्या मातीचं वजन आजच्या स्लॅबला झेपणारं नाही, त्यामुळे गच्चीवर मातीचे ढीग घालायचा विचार करू नका. पण ऊन स्लॅबपर्यंत पोचूच न देणं जमतं.

सगळ्यात स्वस्त आणि हमखास उपाय पांढऱ्या चुन्याचा. ताजा चुना सत्तर टक्क्यांहून जास्त ऊन परत फेकतो. नीट मारला तर खालच्या खोलीच्या हवेत दोन ते चार-पाच अंशांचा फरक पडतो आणि छताची धग त्याहून जास्त उतरते. अहमदाबादने २०१० च्या मेमधल्या भीषण लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांमधली छपरं पांढरी करायचं काम हाती घेतलं, ते याच कारणासाठी.

चुना मारायची पद्धत नेमकी सांगतो, कारण निम्म्या ठिकाणी तो पंधरा दिवसांत भुकटी होऊन उडून जातो. तुमच्या गच्चीला तीन हातांसाठी १५ किलो कळीचा चुना लागेल. लोखंडी पिंप घ्या, प्लॅस्टिकची बादली नको. कळी फुटताना पाणी उकळतं आणि प्लॅस्टिक वितळतं. आधी पाणी भरा आणि त्यात कळी थोडी थोडी सोडा. कळीवर पाणी ओतलं तर ती तडतडून अंगावर उडते. किलोला ५ लिटर या हिशेबाने एकूण ७५ लिटर पाणी. एकदा ढवळून २४ तास तसंच राहू द्या, मग जाड फडक्यातून गाळा. ३०० ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून त्यात घाला. भिंतीच्या चुन्यात नीळ घालतात, ती गच्चीसाठी घालू नका. नीळ डोळ्याला पांढरं दाखवते, पण ऊन शोषते. काही जण टिकावा म्हणून मीठ टाकतात. स्लॅबवर ते टाळाच, मिठाचं पाणी भेगांतून सळईपर्यंत गेलं की गंज धरतो. काम करताना डोळ्यांना चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेतच. डोळ्यात गेला तर चोळू नका, वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धुवा आणि लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

गच्ची आधी तारेच्या ब्रशने घासून धुवून घ्या. शेवाळ, धूळ, जुने पापुद्रे राहिले की चुना त्यांनाच धरतो आणि त्यांच्याबरोबर निघतो. पहिला हात संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, ओल्या पृष्ठभागावर मारा. चुना वाळून पक्का होत नाही. तो ओलसर असताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड बनतो. भर दुपारी तापलेल्या स्लॅबवर मारला की पाणी क्षणात उडतं, दगड व्हायला वेळच मिळत नाही आणि पायाला भुकटी लागते. पहिल्या हातानंतर सकाळी हलकं पाणी शिंपडा, संध्याकाळी दुसरा, त्यानंतरच्या संध्याकाळी तिसरा. पातळ तीन हात एका जाड हातापेक्षा कितीतरी चांगले. गच्चीवरून पावसाचं पाणी टाकीत घेत असाल तर पहिले दोन पाऊस तो पाइप सोडून द्या.

चुना एका पावसाळ्यात बहुतेक धुऊन जातो, म्हणून दरवर्षी होळी ते गुढीपाडवा या काळात मारायचा. दोन-तीन वर्षांचा विचार असेल तर ऊन परावर्तित करणारा पांढरा अॅक्रिलिक रंग घ्या. २० लिटरच्या डब्यात दोन हात धरून साधारण ४०० ते ६०० चौरस फूट होतात. चुन्यापेक्षा महाग, पण पावसात टिकतो. दोन्ही गोष्टींचा शत्रू एकच, सोलापूरची धूळ. एप्रिलमध्ये एकदा आणि मेमध्ये एकदा गच्ची झाडून पुसून घ्या, मळकी पांढरी गच्ची करड्या गच्चीच्या वाटेवर असते. आणि गळती चुन्याने थांबत नाही. भेगा आधी भरा. गळतीसाठी काळा डांबरी थर देऊन तो तसाच उघडा ठेवला असेल, तर तुमच्या त्रासाचं मोठं कारण तेच समजा. काळ्याइतकं ऊन दुसरं काहीच पीत नाही.

चुन्यावर सावली जोडली तर आणखी उत्तम. शेतीचं शेडनेट, ५० किंवा ७५ टक्क्यांचं, स्लॅबपासून किमान दोन-तीन फूट वर ताणा. जाळी थेट स्लॅबवर पसरली तर ती तापते आणि ताप खाली देते. मधून वारा गेला तरच तिचा उपयोग. माणूस चालेल इतकी, सात फुटांवर बांधली तर खाली वाळवणही घालता येतं. वळवाच्या वाऱ्यात मात्र ती शिडासारखी फुगते. कोपरे दोरीने गाठवा आणि आभाळ भरून आलं की एका बाजूने सोडता येईल अशी सरकगाठ ठेवा. जाळीचा दोर पाण्याच्या टाकीला बांधू नका, वाऱ्यात टाकी उलटते.

संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे आणि ती योग्यच आहे, फक्त पाणी वाया फार जातं. हिशेब बघा. तुमच्या स्लॅबचं वजन तेरा टनांच्या आसपास आहे. तो दहा अंश निववायला जितकी उष्णता काढावी लागते तितकी सुमारे ५० लिटर पाणी वाफ होताना घेऊन जातं. पण वाफ झालेलंच पाणी कामाला येतं, मोरीच्या पाइपने खाली गेलेलं नाही. पाइपने धो-धो पाणी सोडलं की बरंचसं तसंच वाहून जातं. त्यापेक्षा सूर्य कललेला असताना, साडेसहाच्या पुढे, दहा-बारा लिटर पाणी खराट्याने सगळीकडे पसरा. वाळलं की पुन्हा. असं चार वेळा. दुपारी दोनला मारलेलं पाणी दहा मिनिटं दिलासा देतं आणि स्लॅब परत तापतो. नळाला काही दिवसांआड पाणी येत असताना पिण्याचं पाणी गच्चीवर ओतायला मन धजत नाही, ते बरोबरच आहे. कपड्याचं दुसरं खळबळलेलं पाणी, भाज्या धुतलेलं पाणी यासाठी चालतं. जुनी गोणपाटं पसरून ती ओली ठेवली तर तेवढंच पाणी जास्त वेळ काम करतं. सकाळी मात्र गोणपाट उचला, वाळलेलं तरट पायाखाली सरकतं आणि खाली ओल धरली की विंचू-किडे येतात.

गच्ची झाली की पश्चिमेची खिडकी बघा. पडदा आतून लावता, पण काच ओलांडून ऊन आत आलं की ते घरातच आलं. सावली काचेच्या बाहेर हवी. बांबूची चिक, वाळ्याचा ताट्या, नाहीच काही तर जुनी साडी खिडकीबाहेर वीतभर अंतर सोडून. वाळ्याचा ताट्या ओला ठेवला आणि त्यातून वारा आला तर तो कूलरच असतो.

आता कूलर. तो किती थंड करू शकेल ते मोठेपणावर ठरत नाही, हवेतल्या दमटपणावर ठरतं. खोलीचं तापमान बघायचा साधा थर्मामीटर घ्या, त्याच्या टोकाला ओलं सुती फडकं गुंडाळा आणि पंख्यासमोर धरा. पारा जिथे थांबेल ती कूलरची अंतिम मर्यादा. भर उन्हाळ्यात दुपारी ४२ अंश आणि दमटपणा २० टक्के असेल तर हा ओला पारा २४ च्या आसपास थांबतो. चांगल्या स्थितीतला कूलर मधलं अंतर तीन चतुर्थांश कापतो, म्हणजे २८-२९ अंशांची हवा देतो. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के दमटपणात तोच कूलर जेमतेम तीन अंश उतरवेल. सोलापूरची कोरडी हवा कूलरसाठी देणगी आहे. जूनच्या सुरुवातीला वळीव पडून गेला की तीच देणगी आटते. तेव्हा कूलर बिघडला असं समजून दुरुस्तीला पैसे घालवू नका.

तुमचा कूलर दिवसभर चालूनही उकडतं याची कारणं बहुतेक वेळा तीनच असतात. पहिलं, तो खोलीच्या आत ठेवलेला आहे आणि खिडक्या बंद आहेत. मग तो तीच ओली हवा पुन्हा पुन्हा फिरवतो, अर्ध्या तासात खोली दमट होते आणि घामही वाळेनासा होतो. कूलरची पाठ बाहेरच्या हवेत हवी आणि समोरची खिडकी उघडी हवी. दर १,००० सीएफएमला (सीएफएम म्हणजे कूलर मिनिटाला किती घनफूट हवा फेकतो) एक ते दोन चौरस फूट वाट सोडा. जास्त उघडली तर बाहेरचा वारा उलटा आत येतो, कमी उघडली तर दमटपणा साठतो. समोरच्या खिडकीत पातळ कागदाची पट्टी धरा; ती बाहेरच्या दिशेने झुकली पाहिजे. दुसरं, बोअरच्या जड पाण्याने पॅडवर पांढरा खडा चढलेला असतो. जिथे क्षार तिथे पाणी पसरत नाही आणि त्या भागातून गरम हवा सरळ आत येते. वुडवूलचं गवत दर हंगामाला बदला, हनीकॉम्ब पॅड महिन्यातून एकदा काढून मऊ ब्रशने धुवा. टाकीतलं पाणी आटतं तसतसे क्षार दाट होत जातात, तेव्हा आठवड्याला उरलेलं पाणी पूर्ण काढा, नुसतं वरून भरत राहू नका. तिसरं कारण आकाराचं, आणि तिथे लोक उलट चुकतात. १० बाय १२ च्या, १० फूट उंच खोलीचं आकारमान १,२०० घनफूट. त्याच्या निम्मे सीएफएम, म्हणजे ६००, एवढं पुरतं. खोक्यावर हे तासाला १,००० घनमीटर असं लिहिलेलं असतं. गच्चीखालची खोली आणि कंपनीचे फुगवलेले आकडे धरून खोक्यावर तासाला १,५०० ते २,००० घनमीटर लिहिलेला घ्या, त्यापुढचा नको. ६०० सीएफएमला भर दुपारी तासाला सहा-सात लिटर पाणी लागतं. दुप्पट मोठा कूलर दुप्पट पाणी पितो.

कूलरची बॉडी पत्र्याची असेल तर अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की पुरवठा आपोआप तोडणारं बटण) बसवा. पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून चालू कूलरला हात लावल्याने दरवर्षी माणसं जातात.

रात्री नऊ-दहानंतर बाहेरची हवा घरापेक्षा थंड झाली की सगळ्या खिडक्या उघडा, आणि सकाळी आठ-नऊला बंद करून पडदे सोडा. याच्या उलट बहुतेक घरांत चालतं, दिवसा वारा यावा म्हणून उघडं आणि रात्री डासांसाठी बंद. खिडक्यांना जाळ्या बसवून घ्या, तो खर्च खरा उपयोगी आहे. रात्री छताचा पंखा छताखालची गरम हवा ढकलून अंगावर आणतो. त्यापेक्षा टेबलफॅन खिडकीत ठेवून बाहेरची हवा आत ओढा. पलंगावरची जाड गादी पाठीचा ताप धरून ठेवते. फरशीवर चटई आणि वर पातळ सुती चादर बरी. खालच्या मजल्यावर कुणाकडे आईची झोपायची सोय होत असेल तर मेभर ती करा, शहाबादी फरशी आणि तिच्याखालची जमीन रात्री घरातली सगळ्यात थंड जागा असते.

पत्र्याच्या घराचं गणित वेगळं आहे, शेजारी कुणाचं असेल तर त्यांना सांगा. पत्रा उष्णता साठवत नाही. दुपारी तो जीव नकोसा करतो, सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासात निवतो. तिथे चुना धरत नाही, पांढरा अॅक्रिलिक लावावा लागतो आणि पत्र्याखाली हवेची फट सोडून छत करावं लागतं. थर्माकोलचं छत टाळा, एका ठिणगीने पेटतं. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर ते कोरडे घासू नका, त्यातल्या अॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात जाते.

यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताला ताण पडून तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवतात, त्यामुळे तिथे ३६ अंशही अंगावर येतात. घाम निथळतो, पण वाळत नाही. घरी विड्या वळणाऱ्या बायकांची अडचण आणखी वेगळी. तंबाखू आणि पानं उडतात म्हणून त्या पंखा बंद ठेवतात, भर दुपारी, पत्र्याखाली. पंखा पायांकडे, जमिनीलगत आणि सूप आडोशाला ठेवून लावला तर पान उडत नाही आणि पोटऱ्यांवरचा घाम तरी वाळतो. वळायचं काम पहाटे आणि संध्याकाळी ओढून घ्यावं.

आता आईबद्दल, आणि तुमच्या प्रश्नातला हाच भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नुसतं बसलेलं माणूसही जुन्या शंभर वॅटच्या बल्बाएवढी उष्णता सतत तयार करतं. ती बाहेर टाकायचा उन्हाळ्यातला मुख्य मार्ग घाम. एक लिटर घाम अंगावरच वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पुसून टाकलेला किंवा निथळून गेलेला घाम काहीच नेत नाही. वयाबरोबर घाम कमी येतो, तहान लागल्याचं उशिरा कळतं. त्यात लघवीची गोळी पाणी बाहेर काढते. सर्दी-खाज, झोप, मनोविकार यांवरच्या काही गोळ्या घामच कमी करतात. म्हणून आई "मला काही होत नाही, तहान नाही" म्हणाली तरी तो पुरावा धरू नका. लघवी गडद पिवळी झाली, उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, जीभ कोरडी पडली की पाणी कमी पडतंय. गोळी स्वतःहून बंद करू नका. ऊन वाढायच्या आधीच डॉक्टरांना विचारून घ्या की उन्हाळ्यात मात्रा बदलायची का आणि दिवसाला किती पाणी द्यायचं. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर पाण्याची मर्यादा डॉक्टरच ठरवतील.

एरवी घरात बसणाऱ्या वयस्कर माणसाला दिवसाला दोन ते अडीच लिटर, तासाला एक छोटा पेला असं वाटून द्या. एकदम तांब्याभर नको. एक वाटी दही, चार वाट्या पाणी, चिमूटभर मीठ असं पातळ ताक. किंवा ज्वारीची आंबील, दोन चमचे पीठ ताकात रात्रभर भिजवून सकाळी उकळत्या पाण्यात सोडून. बीपी असताना मीठ हात राखून घाला. भाकरीबरोबर शेंगाचटणी आणि लोणचं असतंच, रोजचं मीठ तिथूनच भरपूर मिळतं. ओआरएस रोज प्यायची वस्तू नाही, जुलाब-उलट्या किंवा खूप घाम गेला तरच. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. उन्हात काम करणाऱ्याने दर १५-२० मिनिटांनी एक पेला प्यावा, पण तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नये. मीठ न घेता नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडिअम उतरून चक्कर, उलट्या, झटके येतात. उन्हाची सवय व्हायला अंगाला एक-दोन आठवडे लागतात, त्यामुळे गावाहून आलेल्याला पहिल्याच दिवशी भर उन्हात कामाला लावू नये.

हवा ४० अंशांच्या वर गेली की कोरड्या अंगावर नुसता पंखा लावून उपयोग नाही, तो झळच मारतो. आईचे हात, मान, पाय ओल्या फडक्याने पुसा आणि मग पंखा लावा. ओल्या अंगावर तोच पंखा गार करतो. अंगात सुती पातळ लुगडं, ब्लाऊज सैल.

घरात इन्सुलिन असेल आणि फ्रिज नसेल तर माठाचं तत्त्व वापरा. मोठ्या मडक्यात लहान मडकं, मध्ये ओली वाळू, वर ओलं फडकं, आणि आत घट्ट झाकणाच्या कोरड्या डबीत कुपी. बाहेर ४२ असताना आत बरंच खाली उतरतं. मडकं सावलीत आणि वाऱ्याला ठेवायचं, कोनाड्यात नाही.

पाणी साठवताना डेंग्यूचा डास विसरू नका. त्याची मादी पाण्यात नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पिंपाच्या भिंतीला अंडी चिकटवते. पाणी काढलं तरी ती तिथेच राहतात, कोरडी कित्येक महिने टिकतात आणि पुढच्या वेळी नळाचं पाणी तिथवर चढलं की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस. म्हणून आठवड्यातला एक दिवस ठरवून पिंप, रांजण आणि कूलरची टाकी रिकामी करा आणि कडा काथ्याने घासा. नुसतं पाणी बदलणं पुरत नाही. रिकामा न होणाऱ्या हौदात गप्पी मासे सोडा.

शेवटी, ऊन लागलं तर. डोकं दुखणं, पोटऱ्यांत गोळे, मळमळ, भरपूर घाम, पण माणूस शुद्धीवर आणि बोलणं नीट, एवढंच असेल तर सावलीत आणा, कपडे सैल करा, अंग ओलं करा, घोटघोट पाणी द्या. अर्ध्या-पाऊण तासात फरक पडला पाहिजे. माणूस बरळायला लागला, ओळखेनासा झाला, झटका आला किंवा बेशुद्ध पडला तर तो उष्माघात आहे. अंग कोरडं असेलच असं नाही; कष्टाचं काम करताना उष्माघात झालेल्याला दरदरून घाम असू शकतो. काखेतला थर्मामीटर १०२ दाखवतो म्हणून निर्धास्त होऊ नका, आतलं तापमान १०४ च्या पुढे असू शकतं. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. मेंदू आणि यकृत वाचणार की नाही हे पहिल्या अर्ध्या तासातल्या थंड करण्यावर ठरतं.

सोलापुरात प्रत्येक घरात टर्किश टॉवेल असतात, तेच इथे कामाला येतात. सहा-आठ टॉवेल बर्फाच्या पाण्यात बुडवा. कपडे काढून मान, छाती, पोट, मांड्यांवर पसरवा आणि दर दोन मिनिटांनी बदला. अंगावरचा टॉवेल तेवढ्यात कोमट होतो, तसाच राहिला तर तो पांघरूण बनतो आणि ताप अडकवतो. काखेत आणि जांघेत फडक्यात गुंडाळलेला बर्फ. बर्फ नसेल तर माठाचं पाणी अंगावर ओतत राहा आणि जोरात पंखा मारा, म्हाताऱ्या माणसासाठी हा मार्गही चांगला आहे. शेतात किंवा कारखान्यात तरणा गडी पडला तर ताडपत्रीच्या कडा चौघांनी उचलून धरा, त्यात त्याला ठेवून पाणी आणि बर्फ ओता, डोकं वर. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जातं. पॅरासिटामॉल देऊ नका, हा ताप त्या गोळीने उतरत नाही. कांदा नाकाला लावल्याने किंवा खिशात ठेवल्याने उष्माघात टळत नाही. हुंगवण्यात पाच मिनिटं गेली तर तीच महागात पडतात. शुद्ध आली आणि अंग हाताला गार लागायला लागलं की टॉवेल थांबवा, थंडी भरू देऊ नका, आणि तरीही दवाखान्यात न्याच. तिथे तीन गोष्टी सांगा: किती वाजता पडली, किती वेळ थंड केलं, आणि रोजच्या गोळ्या कोणत्या. गोळ्यांची पाकिटं आजच एका पिशवीत घालून दाराशी टांगून ठेवा.